विमलबाई आणि माझा चुकलेला शब्द

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी विमलबाईंचं नाव घेतो, आणि माझी आई शेजारी बसलेली असेल तर तीही मान डोलावते. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या तांड्यावरून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली, आईला आम्ही याडी म्हणतो. आश्रमशाळेत मराठी, आणि विज्ञानाच्या पुस्तकात तिसरीच कुठली तरी भाषा. त्या तिसऱ्या भाषेतून मला हाताला धरून पार नेलं ते विमलबाईंनी. त्या गेल्या, त्याला आता पाच आठवडे झाले.

मी यवतमाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. संध्याकाळचे पाच वाजले असतील, मी रिपोर्टवर सह्या घेत होतो. फोन पुरुषोत्तमभाऊंचा होता. भाऊ म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. बाईंनी लग्न केलं नाही, त्या घाटंजीला भाऊंच्या घरीच राहत. "प्रल्हाद, ताई गेली रे," भाऊ म्हणाले. "जेवली चांगली. म्हणे, जरा पडते. मी चार वाजता चाय घेऊन गेलो तं..." डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. बाई साठीच्या आत-बाहेरच्या. ज्या आजाराशी त्या वीस वर्षं झगडल्या, त्या आजाराने नेलं नाही, हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

बाईंच्या वर्गाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. सातवीला त्या आम्हाला विज्ञान शिकवायला आल्या. वर्गात आम्ही तांड्यावरची पोरं, काही कोलाम, काही कुणबी. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केले. पहिल्यात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात साधी मराठी, तिसऱ्यावर लिहिलं, 'घरचा शब्द'. 'किण्वन' आला की बाई विचारायच्या, "तुमच्या घरी याले काय म्हणतेत?" सगळे वहीत डोकं घालायचे. मग मागून कोणी तरी म्हणायचं, "बाई, आंबलं म्हणतेत." "मंग तेच! इतकं घाबरून कायले राह्यले? किण्वन किण्वन करत बसले, जसं काही वाघच आला वर्गात." वर्ग हसायचा. त्यांचा एक नियम होता आणि तो आम्हाला पाठ होता : ज्या शब्दाचं चित्र तुमच्या आईच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही, तो शब्द तुम्हाला कळलेला नाही. सुटीत घरी गेलो की मी याडीला 'परागीभवन' समजावून सांगायचो. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फुलावरची माशी दाखवून म्हणायची, हेच ना? मग मला कळायचं, की मला कळलं आहे.

मी अकरावीत असताना बाई आजारी पडल्या. त्यांनी सहामाहीचे पेपर तपासले नाहीत, एवढंच आधी कानावर आलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ओसरीवर बसल्या होत्या, पेपरांचा गठ्ठा मांडीखाली दाबून. मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "प्रल्हाद, हे हातात घेऊ नको. यात माह्यासाठी लिहून हाय. पोरायले माहीत नाही, पण त्याइच्या हातून कोणी तरी लिहून घेऊन राह्यलं." मी सोळा-सतरा वर्षांचा. मला वाटलं, बाई गंमत करतायत... मग त्यांचे डोळे पाहिले. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी कारण तयार होतं. लग्न केलं नाही म्हणून. वाचन जास्त झालं म्हणून. बाहेरचं लागलं म्हणून. यवतमाळच्या मानसोपचार डॉक्टरांपर्यंत पोचायला दोन वर्षं गेली. तोवर नोकरी सुटली होती. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, बाई आम्हाला परत मिळाल्या. पूर्वीच्या नाहीत, पण आमच्याच. त्यांचा हात किंचित कापायचा, बोलणं संथ झालं होतं. तरी मी बी.एस्सी.ला असताना माझं रसायनशास्त्र त्यांनीच करून घेतलं. रोज सकाळी चहानंतर भाऊ गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन यायचे. बाई बोलता बोलता हात पुढे करायच्या, न बघता गोळी घ्यायच्या आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवायच्या. इतकं ते सवयीचं झालं होतं.

एकदा चांगल्या दिवसांत त्यांनी मला एक निरीक्षण सांगितलं. "पाय रे, दाढ सुजली किंवा ताप आला नं, का हे आवाज वाढतेत. दोनदा झालं, तिनदा झालं. डॉक्टरले सांगतलं तं ते नुसते हसले." आपल्या आजाराकडेही त्या प्रयोगासारखं पाहायच्या. मी ते लक्षात ठेवलं होतं. म्हणून काही वर्षांनी, यवतमाळला तंत्रज्ञांसाठीच्या एका व्याख्यानात डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आणि इन्फ्लमेशन यांचा संबंध असू शकतो असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. माझं रोजचं कामच ते. सीआरपी नावाची तपासणी करोनानंतर घरोघर माहीत झाली. शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा इजा असली की रक्तात हे सीआरपी वाढतं. डॉक्टर म्हणाले, या आजाराच्या काही रोग्यांच्या रक्तात कुठलाही ताप नसताना अशा खुणा थोड्या वाढलेल्या दिसतात. मेंदूत रखवालदारासारख्या काही पेशी असतात, त्या काम संपल्यावरही शांत होत नसाव्यात, असा एक अंदाज आहे. ते पुढेही बोलत होते, पण माझं लक्ष उडालं होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, की हे शरीराचं आहे. लग्नाचं नाही, वाचनाचं नाही, बाहेरचं तर नाहीच. बाईंच्या माथी गावाने जे जे मारलं होतं ते पुसायला मला पुरावा मिळाला होता. मी जिन्यातूनच भाऊंना फोन लावला.

भाऊ चौथीपर्यंत शिकलेले, दहा एकरांत कापूस आणि तूर करणारे. त्यांना इन्फ्लमेशन कसं सांगू? बाईंचा विद्यार्थी मी... घरचा शब्द शोधला.

"भाऊ, बाईच्या मेंदूत सूज हाय."

"सूज?"

"हो. बारीकशी. त्याच्यानंच होते हे सगळं."

"म्हंजे येड नाही ते?"

"येड नाही, काही नाही. सूज हाय नुसती."

"असं सांग नं बाप्पा!" भाऊंचा आवाज एकदम मोकळा झाला. "इतके वर्स झाले, कोणं सांगतलं नाही आमाले. सूज म्हंजे काय, उतरून जाते."

मी हसलो. खूप दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला होता. फोन ठेवला, लॅबमध्ये परत गेलो.

शब्दाचं चित्र भाऊंच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं होतं. अडचण एवढीच होती, की ते चित्र वेगळं होतं. भाऊंना सूज म्हणजे जू घासून बैलाच्या मानेवर येते ती. पाय मुरगळल्यावर येते ती. तिच्यावर आंबेहळद उगाळून लावायची, मेडिकलमधून सुजेची गोळी आणायची, आठ-दहा दिवसांत उतरते. उतरली की औषध बंद. सुजेसाठी कोणी वर्षानुवर्षं गोळ्या खातं का? त्यांनी तसंच केलं, हे मला फार नंतर कळलं. बाईंच्या कपाळाला आणि टाळूला आंबेहळदीचा लेप लावू लागले, डोकं दुखतं त्यासाठी आहे म्हणाले. सकाळच्या गोळीच्या जागी सुजेची गोळी देऊ लागले. बाईंनी एकदा विचारलं, रंग वेगळा कसा? भाऊ म्हणाले, डॉक्टरांनी बदलून दिली. बहिणीशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील. रोज सकाळी ते तिच्या डोक्यावरून तळवा फिरवून बघायचे. कुठेच फुगलेलं लागत नव्हतं. दहाव्या दिवशी त्यांनी ठरवलं, की उतरली. मग कुठलीच गोळी नाही.

दीड महिन्याने बाई घरातून निघून गेल्या. आश्रमशाळेच्या रस्त्यावर सापडल्या, अनवाणी, तळव्यांना फोड, केसांत वाळलेली हळद. कापसाच्या गाड्यांचे नंबर आपल्याला सूचना देतात, असं त्या सांगत होत्या. भाऊंनी यवतमाळला आणलं. मी धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टर भाऊंवर चिडले होते. "कोणाला विचारून गोळ्या बंद केल्या? कोणी सांगितलं तुम्हाला सुजेचं?" मी भाऊंच्या मागेच उभा होतो. भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "कोणं नाही साहेब. मीच केल्या. अडाणी माणूस हाय मी."

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. भाऊ म्हणाले, "तुह्यं नाव काहून घेऊ? शाळा गेली, नोकरी गेली, तिले दाखवाले एकच तं उरला तू. शिकवलेला पोरगा. ते राहू दे तिच्यापाशी. तिले सांगजो नोको, तुले माही शपथ हाय."

त्यांच्या या मोठेपणाच्या आड मी लपून राहिलो. आठ महिने.

बाई दोन महिन्यांनी पुन्हा सावरल्या, पण एक गोष्ट सावरली नाही. भाऊ खोटं बोलले होते, हे त्यांना कळलं होतं. ज्या माणसाला आधीच सगळं जग फसवतंय असं वाटत आलं आहे, त्याला घरातल्या एकमेव विश्वासाच्या हाताने खरोखरच फसवलं होतं. बाईंनी गोळ्यांचा डबा आपल्या पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं. गोळी स्वतः घ्यायच्या. कधी विसरायच्या, कधी घेतली की नाही ते न आठवून दुसऱ्यांदा घ्यायच्या. भाऊंनी "ताई, झाली का गोळी?" विचारलं की म्हणायच्या, "तू इचारू नोको. तू तं बिलकुलच इचारू नोको." आवाज पुन्हा डोकावू लागले होते. डॉक्टर म्हणत होते, असंच चाललं तर परत भरती करावं लागेल.

अशाच एका रविवारी मी घाटंजीला गेलो. चहा पिता पिता बाई म्हणाल्या, "प्रल्हाद, पुरुषोत्तमले कोण्या तरी अडाण्यानं सांगतलं, का माह्या मेंदूत सूज हाय. आता तूच सांग. कवटी हाडाची. खरंच मेंदू सुजला असता, तं सूज जाईन कुठं? मी उलट्या करत पडली असती, बेशुद्ध झाली असती. इतकी साधी गोष्ट! असा कसा इस्वास ठेवला यानं? नाही का रे?"

भाऊ दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "हो बाई."

एवढंच बोललो. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट उत्तर मी बाईंच्या तोंडावर दिलं होतं, आणि त्यांनी ते बरोबर धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या व्याख्यानाच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो आणि जे मी अर्धवट ऐकलं होतं ते पूर्ण विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. ही खूण सगळ्या रोग्यांत दिसत नाही. जिथे दिसते तिथे ती आजाराचं कारण आहे, परिणाम आहे, की नुसती सोबत आहे, हे अजून नक्की माहीत नाही. इन्फ्लमेशन कमी करणारी औषधं नेहमीच्या औषधांसोबत देऊन पाहिली गेली आहेत. काहींना थोडा उपयोग दिसला, काहींना नाही. नेहमीच्या गोळ्या बंद करा, असं मात्र कोणीही म्हणत नाही. मी विचारलं, याला मराठीत काय म्हणायचं? ते म्हणाले, दाह म्हणा. पण याडीला दाह म्हणजे मिरचीने पोटात होते ती आग. तो शब्द बाईंच्या तिसऱ्या रकान्यात गेला नसता.

त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं. समोर बसून मला खरं बोलता येत नाही, हे सिद्ध झालंच होतं. भाऊंची शपथ मोडली.

पत्र पोचल्यावर काय झालं ते भाऊंनी मला तेराव्याला सांगितलं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझ्यावर रागावल्या होत्या का, असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, "रागावली नं! म्हणे, इतकं शिकवलं अन् हो बाई म्हणते गधा." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी पेटीतून डबा काढला आणि भाऊंच्या पुढ्यात ठेवला. भाऊ नुसते डब्याकडे पाहत राहिले. बाई म्हणाल्या, "पायतं काय? दे. पण नाव वाचून दे." मग भाऊंनी पाकिटावरचं नाव एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. चुकले तिथे बाईंनी दुरुस्त केलं. तेव्हापासून बाई गेल्या त्या सकाळपर्यंत, रोज चहानंतर भाऊ नाव वाचायचे, आणि बाई हात पुढे करायच्या. पुन्हा भरती व्हायची वेळ आली नाही.

पत्र मिळाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मला भाऊंचा फोन आला होता. मी घाबरतच उचलला. ते म्हणाले, "ताई सांगते, धग म्हण. चुलीत राखेखाली इस्तो राह्यते नं, वरून इझल्यासारखी दिसते चूल, पण हात नेला का धग लागते. तसं. अन् म्हणे, धग हाय म्हणून चूल फोडत नाहीत, असंही सांगजो त्याले." मागून बाईंचा आवाज आला, "अन् इचार त्याले, चित्र दिसलं का?" मी दिसलं म्हणालो. मी त्या दिवशी लॅबच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो, डोळे पुसले, आणि कामाला लागलो. आता कोणा रोग्याचे नातेवाईक मला विचारतात तेव्हा मी तोच शब्द वापरतो, आणि मग त्यांनाच विचारतो, तुम्हाला काय दिसलं ते सांगा. त्यांनी सांगितल्याशिवाय सोडत नाही.

तेराव्याला निघताना भाऊंनी माझं पत्र मला परत दिलं. म्हणाले, तुह्यं हाय, तुह्यापाशी ठेव. ते जसं आहे तसं खाली देतो.

*

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला आणि मी 'हो बाई' म्हणालो. ते उत्तर चूक होतं. तुमच्या मेंदूत सूज आहे असं भाऊंना सांगणारा अडाणी दुसरा कोणी नाही, मी आहे. मीच फोन करून सांगितलं. एका व्याख्यानात अर्धं ऐकलं, अर्ध्याचा अर्थ लावला, आणि तो तुमच्या पद्धतीने घरच्या शब्दात सांगितला. भाऊंना काय दिसलं ते मात्र विचारलं नाही. तुम्ही नेहमी विचारायच्या.

भाऊंनी गोळ्या बंद केल्या त्या माझ्या शब्दावर. ते खोटं बोलले हे खरं आहे, त्याबद्दल त्यांच्यावर रागवा. पण त्यांना वाटत होतं, आपली बहीण बरी होते आहे. रोज सकाळी ते हात लावून बघत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मागे उभा होतो आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तुमच्यापाशी एक शिकलेला पोरगा राहावा म्हणून. बाई, तो पोरगा तसा राहिलेला नाही, हे तुम्हाला कळायला हवं. आठ महिने मी भाऊंना एकट्याला बोलणी खाऊ दिली.

जे खरं माहीत आहे ते लिहितो. काही रोग्यांत अशी खूण सापडते, सगळ्यांत नाही. तुमच्यात आहे का, ते कोणी तपासलेलं नाही. ताप आला की आवाज वाढतात हे तुमचं निरीक्षण मी त्या व्याख्यानाच्या डॉक्टरांना सांगितलं. हे डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. बाकी पुष्कळ गोष्टी कोणालाच माहीत नाहीत. तुमच्या गोळ्या तुम्हाला उपयोगी पडतात, एवढं मात्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही मला क्षमा करा असं मी लिहीत नाही. एकच मागतो. गोळी भाऊंच्या हातून घ्या. एकटीने घेताना ती चुकते, आणि त्यांच्या हातून इतकी वर्षं कधी चुकली नव्हती. चुकली ती फक्त माझ्या फोननंतर.

आपला विद्यार्थी,
प्रल्हाद

ता. क. – सूज हा शब्द मी सोडला आहे. दाह याडीला चालत नाही. मला दुसरा सापडत नाही. तुम्हाला सुचला तर मला कळवू नका. आधी भाऊंना सांगा, त्यांना काय दिसतं ते विचारा, आणि ते बरोबर असेल तर त्यांनाच मला फोन करायला सांगा.